पार्किंगच्या जागेत जुनी गाडी पुन्हा उभी करताना

मुंबईत ‘घरचे गॅरेज’ हा शब्दप्रयोग बहुतेकांच्या बाबतीत सौजन्याचाच म्हणावा लागेल. ज्यांच्याकडे स्वतंत्र घर आणि त्याला लागून पत्र्याची शेड आहे ते भाग्यवान. उरलेल्यांच्या वाट्याला इमारतीखालच्या दोन खांबांमधली, जेमतेम अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशी जागा येते आणि तीही एका बाजूला शेजाऱ्याची गाडी व दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पंपाची खोली सांभाळून वापरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात स्टिल्टखालची (खांबांवर उभ्या इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावरची) पार्किंगची जागा म्हणजे कायद्याच्या अर्थाने गॅरेज नव्हे, असे स्पष्ट केले होते. तो वाद बिल्डरने अशा जागा स्वतंत्रपणे विकण्याबाबतचा होता, तरीही जुनी गाडी घरी आणून ती आपल्या हाताने दुरुस्त करू पाहणाऱ्याने त्यातला मुद्दा मनात ठेवावा. जागा सोसायटीची आहे. आपल्याला तेथे गाडी उभी करण्याची मुभा आहे, एवढेच.

या लेखातले सगळे टप्पे याच वस्तुस्थितीवर बेतलेले आहेत. परदेशी व्हिडिओंमध्ये गाडी आधी सांगाड्यापर्यंत उघडतात, सुटे भाग फळ्यांवर ओळीने मांडतात आणि दोन-तीन वर्षांनी सगळे पुन्हा जुळवतात. मुंबईत ही पद्धत चालत नाही. येथे नियम असा ठेवावा की गाडी एरवी आपल्या चार चाकांवर उभी असावी, तिचे स्टिअरिंग वळावे, हँडब्रेक लागावा आणि दोन माणसांनी ढकलली तर ती हलावी. एका वेळी एकच यंत्रणा उघडावी आणि ती पुन्हा बंद झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी उत्साहाच्या भरात इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन एकाच आठवड्यात काढून ठेवले आणि नेमकी त्याच आठवड्यात जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करणारी माणसे आली. टाकीचे झाकण माझ्या गाडीच्या बरोबर खाली होते. वॉचमन, दूधवाला आणि मी अशा तिघांनी मिळून ती गाडी लाकडी ओंडक्यांवरून कशीबशी ओढली. पण त्यानंतर कित्येक महिने सोसायटीच्या प्रत्येक सभेत तो विषय निघत राहिला.

गाडी कोणती घ्यावी

पहिल्या प्रयत्नासाठी साधी, वजनाने हलकी आणि सुटे भाग सहज मिळतील अशी गाडी निवडावी. माझ्या मते मुंबईकरासाठी खरे पर्याय दोनच आहेत: प्रीमियर पद्मिनी आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली जुनी मारुती ८००. पद्मिनी मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, मागे कमानी पाटे, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि बॉनेट उघडल्यावर हात घालायला ऐसपैस जागा, यांमुळे ती शिकणाऱ्याला समजून घेता येते. या शहरात अनेक दशके ती टॅक्सी म्हणून धावली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सीही रस्त्यावरून उतरल्या. तरी तिचे कार्ब्युरेटर डोळे मिटून जुळवणारे वयस्कर मेकॅनिक आजही भेटतात. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. तिचे तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन आणि साडेसहाशे किलोच्या आसपासचे वजन ही तिची मोठी सोय आहे, कारण ती गाडी एकटा माणूसही ढकलू शकतो. अँबेसेडरचे प्रेम मला समजते, परंतु जुन्या मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली असल्यामुळे तिच्या मूळ इंजिनाला बहुतांशी इंची मापाचे पाने लागतात आणि नवशिक्याने हत्यारांचे दोन संच विकत घेऊन सुरुवात करावी असे मला वाटत नाही.

गाडी पाहायला जाताना इंजिनापेक्षा पत्र्याकडे अधिक लक्ष द्यावे. बिघडलेल्या इंजिनाचे सिलिंडर आतून कापून नीट, म्हणजे ‘बोअर’, करून घेता येतात. गंजलेला सांगाडा मात्र पैसे खात राहतो आणि शेवटपर्यंत भरवशाचा होत नाही. दारांच्या खालच्या कडा, पायाखालचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, डिकीत स्टेपनी ठेवण्याचा खळगा, बॅटरीखालचा ट्रे आणि पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी ही गंज धरण्याची ठरलेली ठिकाणे आहेत. एक छोटे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून या कडांवरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली पत्रा नसून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे, असे समजावे. सीटच्या रुळांत, कार्पेटखाली किंवा हेडलाइटच्या आत चिखलाची बारीक पूड आढळली तर ती गाडी कधीतरी पाण्यात उभी होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी बुडालेल्या गाड्यांपैकी काही नंतर धुऊनपुसून विकल्या गेल्या आणि अशा गाडीच्या वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षे संपत नाही.

कागद आधी, पाना नंतर

या टप्प्यावर घाई करणाऱ्यांनी सर्वांत जास्त पैसे गमावलेले मी पाहिले आहेत. नोंदणी पुस्तक ज्याच्या नावावर आहे त्याच व्यक्तीकडून गाडी घ्यावी आणि चेसिस नंबर व इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचून पुस्तकातल्या नोंदीशी अक्षर न अक्षर ताडून पाहावेत. चेसिस नंबरावर रंग किंवा गंज चढला असेल तर रॉकेलच्या बोळ्याने तो पुसून काढावा. विकणारा त्याला नको म्हणत असेल तर सरळ उठून यावे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेले दंड यांची माहिती काढता येते. कर्ज फिटले असूनही बोजाची नोंद तशीच असेल, तर फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला मिळाल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, तर गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तेथील कार्यालयाचा फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला लागतो.

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर फॉर्म २५ भरून, तपासणी करून घेऊन ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. १५ वर्षांपुढच्या गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, हाही हिशेबात धरावा. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी जे कार्यालय आपल्या पत्त्याला लागू असेल तेथे आधी एक फेरी मारून, मुदत संपून किती वर्षे झालेल्या गाडीला काय भरावे लागेल, ते विचारून घ्यावे आणि मगच किंमत ठरवावी. ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असेल तर २०२१ साली आलेल्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. तिला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असते आणि मुदत १० वर्षांची. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ येथेच समजून घ्यावे. नोंदणी पुस्तकातले तपशील कारखान्याने दिलेल्या स्वरूपापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा अधोरेखित केले आहे. म्हणजे पद्मिनीत दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवण्याचे स्वप्न पाहण्यापूर्वी परवानगीचा विचार करावा. रंग बदलला तरी त्याची नोंद करून घ्यावी लागते. जुन्या टॅक्सीचे सांगाडे घेताना पुस्तकात इंधन काय लिहिले आहे ते पाहावे, कारण गॅसचे किट काढून टाकलेले असते आणि नोंद मात्र तशीच राहिलेली असते.

जागा, शेजारी आणि जमीन

सोसायटीच्या सचिवांना लेखी पत्र द्यावे. त्यात काम कोणत्या वारी आणि किती ते किती वेळात कराल, पेट्रोल साठवणार नाही, रंगकाम व वेल्डिंग आवारात करणार नाही आणि तेलाचा डाग पडल्यास स्वतः काढाल, एवढे स्पष्ट लिहावे. रात्री दहानंतर हातोडा चालवू नये हे सांगायला नको. पण दुपारी दोन ते चार ही वेळही सोडावी, कारण पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची वामकुक्षी बिघडली की तुमची परवानगी धोक्यात येते.

तळघरातले पार्किंग या कामासाठी अजिबात घेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते आणि पंपाच्या एका ठिणगीने पेट घेते, तर चालू इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत माणसाला कळण्याआधी गाठतो. दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी स्टिल्टखालची जागा त्या मानाने चांगली. पेट्रोल व विजेच्या आगीवर चालणारे, कोरड्या पावडरीचे किमान चार किलोचे अग्निशामक नळकांडे गाडीजवळ नव्हे, तर तुमच्या आणि बाहेर पडण्याच्या वाटेच्या मध्ये ठेवावे.

मुंबईतल्या आवारांत हल्ली सर्वत्र पेव्हर ब्लॉक आहेत. वजन एका बिंदूवर आले की ते खचतात किंवा एका अंगाला कलंडतात. म्हणून जॅक आणि जॅक स्टँड यांच्याखाली १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे फूटभर चौरस तुकडे टाकणे अनिवार्य समजावे. गाडी उचलण्याचा क्रम असा: गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर लावावी, चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत, जॅकने गाडी उचलून सांगाड्याच्या मजबूत भागाखाली जॅक स्टँड, म्हणजे लोखंडी घोडी, लावावी, गाडी तिच्यावर उतरवावी आणि मग बाजूने जोराने हलवून पाहावी. हललीच तर ती आता, तुम्ही बाहेर असताना हलू दे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकेच काय, हातही घालू नये. हायड्रॉलिक जॅकचे सील कोणतीही पूर्वसूचना न देता सुटते. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक घोडीऐवजी वापरण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. ते फुटतात.

हत्यारे

सुरुवातीला फार खरेदी करू नये. ६ ते २२ मिलिमीटरपर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, अर्ध्या इंची रॅचेटसह गोटी पान्यांचा संच, प्लग पाना, दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, पकड, बारीक फटी मोजायच्या पट्ट्यांचे फिलर गेज, वीज मोजणारा साधा मल्टिमीटर, वायर ब्रश आणि डोक्याला लावायचा दिवा एवढ्यात पहिले सहा महिने निभतात. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, पुढे घेतला तरी चालेल, पण हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, नट आवळण्यापूर्वी तो हवाच. नागदेवी स्ट्रीटवर ही सगळी हत्यारे मिळतात. तेथे चांगल्या बनावटीचा पाना आणि त्याच्यासारखाच दिसणारा स्वस्त पाना शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि दुसरा घेतला तर तो पहिल्याच गंजलेल्या नटाची डोकी गोल करून ठेवतो.

याखेरीज एक जाड वही आणि मोबाइलचा कॅमेरा ही दोन हत्यारे मी सर्वांत वर ठेवीन. कोणताही भाग काढण्यापूर्वी तीन बाजूंनी छायाचित्र घ्यावे, काढलेले नट-बोल्ट आणि वायसर त्या भागाचे नाव लिहिलेल्या डब्यात ठेवावेत आणि शक्य असेल तेथे नट पुन्हा त्याच बोल्टवर बोटाने फिरवून ठेवावा. श्रीखंडाचे रिकामे डबे या कामाला उत्तम.

आधी थांबणे, मग चालणे

गाडी घरी आली की प्रत्येकाला इंजिन सुरू करून पाहण्याची घाई होते. माझा आग्रह असा की पहिले काम ब्रेकचे करावे. एक तर ढकलली जाणारी गाडी थांबवता आली पाहिजे, कारण आपल्या कित्येक आवारांना फाटकाकडे उतार असतो. दुसरे म्हणजे ब्रेकचे काम चाकागणिक वाटले जाते, एका रविवारी एक चाक उघडून संध्याकाळपर्यंत बंद करता येते आणि त्यातून हाताला शिस्त लागते.

ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू किंवा झटकू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ती पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. एका वेळी एकाच बाजूचा ड्रम उघडावा, म्हणजे स्प्रिंग कोणत्या भोकात अडकते हे विसरल्यास दुसरी बाजू पाहता येते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत चाकातल्या व्हील सिलिंडरची आणि पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरची रबरे बदलावीच लागतात, आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नुसते किट न टाकता सिलिंडरच नवा घ्यावा. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी आतून फुगलेले असतात, तेही बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि मुंबईच्या हवेत ओलीला तोटा नाही. म्हणून ते नेहमी सीलबंद लहान बाटलीतून घ्यावे, पुस्तिकेत सांगितलेल्या डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचेच वापरावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. रंगावर पडलेला त्याचा थेंब तत्काळ पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सोलून निघतो.

ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो आणि मास्टर सिलिंडरही त्याच बाजूला असतो, म्हणून सर्वसाधारणपणे क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा येतो. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचे हवा काढायचे निपल किंचित सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि निपल आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगी या कामाला आनंदाने बसते. मात्र ब्रेक ऑइलच्या टाकीतले तेल तळाला जाऊ देऊ नये, नाहीतर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

झोपलेले इंजिन जागे करणे

अनेक वर्षे बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारणे म्हणजे कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टन ओरबाडत नेणे होय. सगळे प्लग काढावेत, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि रात्रभर ते खाली मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, चालण्याच्या दिशेने फिरवावे. ते सहज फिरले तर उत्तम. अडले तर जोर करू नये, आणखी तेल सोडून दोन-चार दिवस थांबावे. मग जुने इंजिन ऑइल काढून नवे भरावे, फिल्टर बदलावा, रेडिएटर आणि ब्लॉक धुऊन घ्यावा आणि प्लग न लावताच स्टार्टरने दहा-दहा सेकंद इंजिन फिरवून तेलाचा दाब येतो का ते पाहावे. याच वेळी कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब वहीत लिहावा. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाहीत, हे त्यांच्या मोठेपणापेक्षा महत्त्वाचे असते. एखाद्या सिलिंडरचा आकडा फार खाली असेल तर तेथे थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत आणि वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा दोष आहे.

जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबट वास येतो. ते सगळे काढून टाकी उतरवावी आणि आतून धुवावी. येथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने घ्यावी: पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला घरी कधीही वेल्डिंग करू नये, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा घातक असते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नव्हते. ते मऊ पडतात, झिरपतात आणि गरम इंजिनावर थेंब गळू लागतात. म्हणून पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉलला टिकणाऱ्या पाइपाने बदलावा. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये.

ठिणगीकडे वळल्यावर प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट, म्हणजे उघडमीट होणारे विजेचे संपर्क, पाहावेत. ते दमट हवेने हिरवट-काळे पडलेले असतात. बारीक कानशीने साफ करून फिलर गेजने पुस्तिकेतले अंतर ठेवले की निम्म्या ‘मेलेल्या’ गाड्या बोलू लागतात. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, त्याआधीच्या इंजिनांचे व्हॉल्व्ह सीट त्या पेट्रोलवर बेतलेले होते. हेड उघडण्याची वेळ आलीच तर कठीण धातूचे सीट बसवून घ्यावेत. केवळ त्यासाठी चालते हेड उघडू नये.

वायरिंग

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि शेवटी जोडावी. मल्टिमीटरवर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. जुन्या गाडीतले विजेचे बहुतेक दोष वायरीत नसून अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी केलेल्या, जोडात असतात, म्हणून इंजिन व बॉडी यांना जोडणारी पट्टी काढून दोन्ही टोके चमकेपर्यंत घासावीत. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आढळेल. ती काढून योग्य अँपिअरचा फ्यूज घालावा. उष्णतेने चिकट होणाऱ्या टेपऐवजी आकसणारी नळी वापरावी.

घुशी आणि उंदीर वायरिंग कुरतडतात, हा मुंबईतल्या उभ्या गाडीचा वेगळाच अध्याय आहे. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचा अर्क असे सगळे उपाय मी करून पाहिले. आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बसण्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

गंज आणि जूनची तारीख

मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. पत्र्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवावे आणि पावसाळ्यात फक्त कार्ब्युरेटर, डायनॅमो, घड्याळे, सीट अशी वर घरात नेता येणारी कामे ठेवावीत. खाऱ्या, दमट हवेत उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून सकाळी जेवढा भाग घासाल तेवढ्याला संध्याकाळपूर्वी प्रायमर लागला पाहिजे. गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने मूळ धातूपर्यंत काढावा, खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावावे, ते सुकल्यावर साफ करून इपॉक्सी प्रायमर द्यावा. लाल रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण त्यातून पाणी आरपार जाते आणि नुसते तेच मारून गाडी पावसात ठेवली तर आतून पुन्हा गंज उमलतो. भोक पडलेल्या जागी लांबी भरणे ही स्वतःचीच फसवणूक आहे. तेथे नवा पत्रा कापून वेल्डिंग करावे लागते. प्लॅस्टिकचे आच्छादन आत वाफ कोंडते, त्यापेक्षा हवा खेळू देणारे कापडी बरे.

वेल्डिंग, सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासणे, हेड सपाट करणे, व्हील अलाइनमेंट आणि अंतिम रंग ही कामे बाहेर द्यावीत. दोन डब्यांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना कायमचे अपाय करू शकतात आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गाडी स्वतःच्या चाकांवर गेली तर निम्मे भाडे वाचते, हेही लक्षात असू द्यावे. लेथवाल्याला काम देताना मापे लिहून द्यावीत आणि लिहून घ्यावीत. एकदा ‘होऊन जाईल’ या शब्दावर विसंबून मी चार पिस्टन दिले आणि तीनच परत आले.

सुटे भाग

कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुन्या गाड्यांचे यांत्रिक भाग मिळतात, तर चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटच्या परिसरात क्रोमच्या पट्ट्या, हँडल, दिव्यांच्या काचा, क्वचित मूळ घड्याळे हाती लागतात. बरोबर नेहमी जुना भाग न्यावा. नाव सांगून मागितलेली वस्तू आणि मिळालेली वस्तू यांत बरेचदा वर्षाच्या मॉडेलचा फरक निघतो. किमतीची घासाघीस करावी, परंतु बेअरिंग, ब्रेकचे भाग आणि स्टिअरिंगचे सांधे वापरलेले घेऊ नयेत. रबराच्या बाबतीत ‘जुना ओरिजिनल माल’ या शब्दांना भुलू नये, कारण रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारे होते. बोटाने वाकवून बारीक भेगा दिसल्या तर परत करावे.

उरलेले तेल

जुने इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा ठरते. ते गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, जे गॅरेज वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देते तेथे पोहोचवावे. जमिनीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकून तो झाडून घ्यावा.

पहिली फेरी

विमा, पीयूसी आणि नोंदणी चालू असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. पहिली फेरी आवारातच, पहिल्या गिअरमध्ये, दहादा ब्रेक मारून पाहण्यासाठी असावी. दुसरी फेरी रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, घरापासून दोन किलोमीटरच्या आतल्या सपाट रस्त्यावर आणि उड्डाणपूल टाळून करावी. बरोबर पाण्याचा कॅन, पंख्याचा पट्टा, होजच्या क्लिपा, पाने आणि ढकलायला तयार असलेला एक मित्र असावा. परत आल्यावर चारही चाकांना हाताच्या पाठीने शिवून पाहावे. एखादा ड्रम इतरांपेक्षा खूप गरम असेल तर तेथे ब्रेक धरून राहतो आहे. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळावेत. इंजिन उघडलेले असेल तर पाचशे किलोमीटरला तेल बदलावे. आणि रोज रात्री गाडीखाली खोक्याचा एक मोठा पांढरा पुठ्ठा, पुढचा कोपरा खुणेने ओळखता येईल असा सरकवून ठेवावा: सकाळी त्यावरचा काळा डाग इंजिन ऑइलचा, दाट आणि गंधकासारख्या वासाचा गिअर ऑइलचा, हिरवट कूलंटचा असतो, चाकाजवळचा पातळ, फिकट डाग ब्रेक ऑइलचा असतो आणि तो दिसला तर त्या दिवशी गाडी जागची हलवू नये.